चेक कविता वाचायला बसताना: मात्रा बाजूला ठेवा, पहिल्या अक्षरावर बोट ठेवा

‘पोझ-द्न्यीऽ’ म्हणजे उशिराचा. दोन अक्षरांचा साधा शब्द, पण पहिल्या दिवशी मी तो ओळीने चार-पाच वेळा चुकवला. शिक्षिकाबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी हातातल्या पेन्सिलीचं मागचं टोक टेबलावर आपटलं. ‘पोझ’ला टक्, ‘द्न्यीऽ’ला पेन्सिल हवेत. पुन्हा टक्, पुन्हा हवेत. माझा मात्र सगळा जोर त्या लांबलचक ‘द्न्यीऽ’वर. लांब आहे म्हणजे वजन तिथेच असणार, नाही का? शाळेत ‘यमाताराजभानसलगा’ घोकलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

चेक छंद शिकताना मराठी माणसाची पहिली अडचण हीच असते. आपला कान लघु-गुरूवर पोसलेला. चेक भाषेतही ऱ्हस्व आणि दीर्घ स्वर आहेत आणि ते आपल्यापेक्षा काटेकोरपणे पाळले जातात. त्यामुळे आपल्याला वाटतं की हे तर ओळखीचं घर. प्रत्यक्षात गेल्या दोनशे वर्षांतली बहुतेक छंदोबद्ध चेक कविता मात्रांवर चालत नाही, आघातावर चालते. अक्षरांची संख्या ठरलेली आणि त्यातल्या कोणत्या अक्षरावर आघात पडायचा तेही ठरलेलं, असा तो मामला.

चेक लिपी ओळखता येते आणि दोन-चारशे शब्द कानावरून गेले आहेत, अशा वाचकासाठी हा लेख आहे. भाषा अजिबात येत नसली तरी हरकत नाही. पेन्सिल मात्र हवी.

आधी थोडी सोय

चेक ओळी इथे देवनागरीत लिहिल्या आहेत आणि त्यात एक मोठी गोची आहे. आपल्या छंदशास्त्रात ए आणि ओ गुरूच. चेकमध्ये ते बहुतेक वेळा ऱ्हस्व असतात, आणि ‘आ’सुद्धा ऱ्हस्व असू शकतो. म्हणून इथे काना-मात्रा पाहून लांबी ठरवू नका. जिथे अवग्रह (ऽ) आहे तोच स्वर दीर्घ, बाकी सगळे ऱ्हस्व. मूळ चेक लिखाणात ही खूण स्वराच्या डोक्यावर असते: एक तिरकी रेघ, नाहीतर ‘उ’वर कधीकधी एक छोटं वर्तुळ. ही खूण लांबीची आहे, आघाताची नाही. स्पॅनिश शिकून आलेले लोक इथे हमखास फसतात.

चेकमध्ये दोन वेगळे ‘झ’ आहेत आणि ‘र’ व ‘झ’ एकदम म्हणायचा एक प्रसिद्ध अवघड उच्चारही आहे. मी तो ‘र्श’ असा भागवला आहे. अक्षरं मोजायला त्याने काही बिघडत नाही.

पायरी पहिली: अक्षरं मोजा

एका लोकगीतापासून सुरुवात करू. चेक घरात लहान मुलाला हे येत नाही असं होत नाही.

स्काऽ-काल पेस प्र्शेस ओ-वेस,
प्र्शेस झे-ले-नोउ लोउ-कु.

कुत्रा उड्या मारत गेला ओटाच्या शेतातून, हिरव्या कुरणातून, एवढाच अर्थ. पहिल्या ओळीत सहा अक्षरं, दुसरीतही सहा. ‘नोउ’ आणि ‘लोउ’ मोजताना जपा. ओ आणि उ दोन दिसले तरी ते जोडस्वर आहेत आणि दोन्ही मिळून एकच अक्षर होतं. आपल्या ‘औ’सारखंच.

आता गंमत. चेकमध्ये र आणि ल स्वराचं काम करतात. वर्णमाला म्हणताना आपण ‘ऋ, ऌ’ म्हणतो. त्यातल्या ऋचा आपण ‘रु’ करून टाकला आणि ऌ तर ‘कॢप्ती’पुरता उरला. प्रागमध्ये ते दोघे जिवंत आहेत, ट्रॅममध्ये रोज भेटतात. लांडग्याला ‘वॢक’ म्हणतात (संस्कृतातला ‘वृक’ तोच, एकाच घरातला). बोटाला ‘पृस्त’, घशाला ‘कृक’. परक्यांची जीभ वळते का हे पाहायला चेक लोक एक वाक्य हमखास म्हणायला लावतात: ‘स्तृच पृस्त स्कृस कृक’, म्हणजे घशातून बोट घाल. लिहिताना एकही स्वर नाही, तरी अक्षरं चार. छंदातही ती चारच धरायची.

उलट बाजूला काही शब्द असे आहेत की ते अख्खे शब्द असूनही त्यांचं अक्षर होत नाही. ‘व’ (मध्ये), ‘क’ (कडे), ‘स’ (सह), ‘झ’ (पासून) ही शब्दयोगी अव्ययं नुसती व्यंजनं आहेत. ती पुढच्या शब्दाला चिकटतात आणि मोजणीत गायब होतात. छापील पानावर सुटं अक्षर दिसतं म्हणून त्याला एक आकडा देऊ नका.

पायरी दुसरी: टक् कुठे

नियम एका वाक्यात सांगता येतो: चेक शब्दाचा आघात पहिल्या अक्षरावर असतो. शब्द दोन अक्षरी असो की पाच, चेक असो की बाहेरून आलेला. इंग्रजीसारखं प्रत्येक शब्दाचं वेगळं पाठांतर नाही, रशियनसारखी आघाताची भटकंती नाही. पोलिशमध्ये तो शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो. चेकमध्ये पहिल्यावर, विषय संपला.

खरं तर संपत नाही. दोन पोटनियम आहेत आणि कवितेत सगळी मजा त्यांच्यावरच आहे.

एक, स्वर असलेलं एकाक्षरी शब्दयोगी अव्यय पुढच्या नामाचा आघात स्वतःकडे ओढून घेतं. मराठीत शब्दयोगी मागून चिकटतं, ‘टेबलावर’. चेकमध्ये ते पुढून येतं आणि येताना टक् घेऊन येतं. ‘स्तूऽल’ म्हणजे टेबल. ‘टेबलावर’ म्हणायचं तर ‘ना स्तो-ले’, आणि पेन्सिल ‘ना’वर पडते, ‘स्तो’वर नाही. म्हणजे बोलताना ‘नास्तोले’ हा एकच तीन अक्षरी शब्द झाला. कुत्र्याच्या गाण्यातही तेच: ‘प्र्शेस ओ-वेस’मध्ये टक् ‘प्र्शेस’वर. त्यामुळे ‘पेस’ आणि ‘ओवेस’ यांचं यमक जुळताना ‘वेस’ बिचारं आघाताशिवायच उभं असतं. चेक कानाला त्यात काही खटकत नाही.

दोन, काही एकाक्षरी शब्द इतके हलके असतात की ते कधी आघात घेतच नाहीत. ‘से’, ‘सि’, ‘मि’, ‘त्यि’ असली सर्वनामं, ‘बि’ हे संकेतार्थाचं रूप. ती आधीच्या शब्दाच्या शेपटीला लटकतात. बाकीचे एकाक्षरी शब्द (‘पेस’, ‘माऽय’, ‘चास’) लवचिक असतात. छंदाला जिथे गरज असेल तिथे जोर घेतात, नसेल तिथे गप्प बसतात. कवीच्या दृष्टीने ही सुटी नाणी आहेत.

लांब शब्दात पहिल्या टक्‌नंतर तिसऱ्या अक्षरावर एक अर्धवट टक् येते. चार अक्षरी शब्द म्हणजे टक्-हवा-टिक्-हवा.

आणखी एक. हा आघात म्हणजे आरडाओरडा नव्हे. इंग्रजीत आघात नसलेला स्वर पार चेपून जातो. चेकमध्ये तसं होत नाही, प्रत्येक स्वर स्वच्छ ऐकू येतो. पेन्सिल हळू आपटा.

पायरी तिसरी: सरळ चाल

आता खऱ्या कवितेकडे. कारेल यारोमीर एर्बेन (१८११–१८७०) हा प्राग शहराचा अभिलेखपाल. त्याने लोककथा आणि लोकगीतं गोळा केली आणि १८५३ साली ‘कितित्से’ (पुष्पगुच्छ) हा कथाकाव्यांचा संग्रह काढला. नवख्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. भाषा सोपी, गोष्ट भयंकर आणि चाल इतकी पक्की की चुकलात तर लगेच कळतं. त्यातला पाण्यातला भुताटकीचा पुरुष, ‘वोदन्यीऽक’, असा येतो:

ना तो-पो-ले नाद ये-झे-रेम
से-द्येल वोद-न्यीऽक पोद-वे-चे-रेम

तळ्याकाठच्या पॉप्लरवर वोदन्यीऽक संध्याकाळी बसला होता. प्रत्येक ओळ आठ अक्षरांची. आपल्या अष्टाक्षरीत वाढलेल्या कानाला हे लगेच आवडतं. पण अष्टाक्षरीत नुसती अक्षरं मोजून भागतं. इथे १, ३, ५, ७ या जागांवर टक् पडली पाहिजे.

पेन्सिल घ्या. पहिल्या ओळीत ‘ना-तो-पो-ले’ हा एक गट झाला, कारण ‘ना’ने आघात ओढून घेतला. टक् ‘ना’वर (१), अर्धवट टक् ‘पो’वर (३). मग ‘नाद-ये-झे-रेम’: टक् ‘नाद’वर (५), अर्धवट ‘झे’वर (७). अख्ख्या ओळीत पूर्ण आघात दोनच आणि दोन्ही त्या फालतू वाटणाऱ्या अव्ययांवर! अर्थाकडे बघून तुम्ही ‘तोपोले’ आणि ‘येझेरेम’वर जोर दिलात, जसा मी दिला होता, तर टक् २ आणि ६ वर जाते आणि ओळ लंगडते. दुसऱ्या ओळीत काही लपवाछपवी नाही: से (१), वोद (३), पोद (५), चे (७).

टक्-हवा, टक्-हवा या चालीला चेक लोक ‘त्रोखेय’ म्हणतात. भाषेतले शब्द टक्‌नेच सुरू होतात म्हटल्यावर ही चाल तिथे आपोआप येते. लोकगीतं, बडबडगीतं, गोष्टीरूप कविता, सगळीकडे तीच.

याच संग्रहातली माध्यान्हीची चेटकीण, ‘पोलेदनित्से’, सरावाला घ्या. रडणाऱ्या पोराला भीती घालायला आई तिला हाक मारते आणि ती खरंच येते. सुरुवात:

उ ला-वि-त्से द्यीऽ-त्ये स्ताऽ-लो,
स्पॢ-ना हृ-द्ला क्र्शि-चे-लो

बाकाजवळ मूल उभं होतं, गळा काढून ओरडत होतं. पहिली ओळ आठ, दुसरी सात. दुसऱ्या ओळीत आतापर्यंतचे दोन नियम एकदम आलेत. कागदावर सुरुवातीला सुटा ‘झ’ दिसतो. पुढच्या ‘प’मुळे त्याचा ‘स’ होतो आणि तो ‘स्पॢ’मध्ये विरघळतो, अक्षर होत नाही. आणि ‘स्पॢ’ व ‘हृ’ ही स्वराशिवायची पुरी अक्षरं. सुटा ‘झ’ मोजलात तर आठ येतील. ऌ-ऋ सोडलेत तर पाच. सात आले तर पहिली पायरी पक्की झाली म्हणा.

द्व्होर्झाक या चेक संगीतकाराने १८९६ साली याच संग्रहातल्या चार कवितांवर वाद्यवृंदासाठी रचना केल्या. ‘सोन्याचा चरखा’ या रचनेतल्या काही सुरावटी त्याने एर्बेनच्या ओळी जशाच्या तशा बसतील अशा बेतल्या आहेत. गाणारं कोणी नाही, पण शब्दांची टक् वाद्यांत आहे. कविता हातात धरून ऐकायला मिळाली तर सोडू नका.

तीन-तीनची चालही चेकमध्ये सहज येते, टक्-हवा-हवा, कारण ‘मा-मिन-का’ (आई), ‘झे-ले-नाऽ’ (हिरवी) असे तीन अक्षरी शब्द पैशाला पासरी. तिला ‘दाक्तिल’ म्हणतात. तिच्यासाठी वेगळा अभ्यास लागत नाही.

पायरी चौथी: लांब स्वर लांबवा, ठोकू नका

मराठी वाचकाने सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा.

दोन शब्द घ्या: ‘द्राऽ-हा’ (मार्ग, लोहमार्ग) आणि ‘द्रा-हाऽ’ (प्रिय किंवा महाग, स्त्रीलिंगी). दोन्हींत टक् पहिल्या अक्षरावर. फरक फक्त कुठला स्वर लांब आहे एवढाच. पहिला शब्द जमतो, कारण टक् आणि लांबी एकाच जागी. दुसऱ्यात पेन्सिल ‘द्रा’वर आपटायची, आवाज छोटा ठेवायचा, आणि पेन्सिल हवेत असताना ‘हाऽ’ ताणायचा. आपला कान लगेच बंड करतो: गुरू तिथे वजन! रोज दहा वेळा ‘द्रा-हाऽ’ म्हणा. मला आठवडा लागला.

आघात चेकमध्ये अर्थ बदलत नाही, कारण तो कायम पहिल्याच अक्षरावर. लांबी मात्र अर्थ बदलते. मग छंद लांबीवर का उभारला नाही? हा प्रश्न चेक लोकांनाही पडला होता आणि त्यावर चांगलीच जुंपली होती.

१७९५ साली योसेफ दोब्रोव्स्कीऽ या व्याकरणकाराने चेक छंदाचं सूत्र मांडलं: चेक पद्य आघातावरच उभं राहतं. पुढची वीस-पंचवीस वर्षं कवी तसे लिहीत राहिले. मग १८१८ साली दोन तरुणांनी निनावी पुस्तिका काढली आणि दोब्रोव्स्कीऽचं मत उडवून लावलं. एक फ्रान्त्यिशेक पालात्स्कीऽ, जो पुढे चेक इतिहासलेखनाचा जनक ठरला, आणि दुसरा पावेल योसेफ शाफार्शीऽक. म्हणणं असं: आघाताचा छंद तर जर्मनांकडेही आहे, आपल्याकडे ग्रीक-लॅटिनसारखे खरे दीर्घ-ऱ्हस्व आहेत, मग अभिजात वृत्तं का नकोत? त्या छंदाचं चेक नाव ‘चासोम्येर्नीऽ’, म्हणजे काळ मोजणारा. आपण ज्याला वृत्त म्हणतो त्याच्या अगदी शेजारचा.

या मताचं सगळ्यात गाजलेलं फळ म्हणजे यान कोलाऽरच्या ‘स्लाऽवि द्त्सेरा’ (१८२४) या काव्याची प्रस्तावना. कोलाऽर स्लोव्हाक, पण लिहिलं चेकमध्ये. पहिलीच ओळ:

आय, झ्दे ले-झीऽ झेम ता प्र्शेद ओ-केम मीऽम सॢ-झि रो-न्यीऽ-त्सीऽम

पाहा, माझ्या आसवं ढाळणाऱ्या डोळ्यांपुढे ही भूमी पसरली आहे. हिचा लगक्रम आपल्या पद्धतीने लावा. दीर्घ स्वर गुरू, दोन व्यंजनांच्या आधीचं अक्षर गुरू, बाकी लघु. उत्तर येतं:

गा ल ल, गा गा, गा ल ल, गा गा, गा ल ल, गा गा

तंतोतंत. मला हे पहिल्यांदा जुळलं तेव्हा परदेशात अचानक आपल्या गावची बस दिसावी तसा आनंद झाला होता. अडचण फक्त एक. ‘लेझीऽ’ची टक् ‘ले’वर, तर छंदाचा ठोका ‘झीऽ’वर, ‘प्र्शेद ओकेम’ची टक् ‘प्र्शेद’वर, तर ठोका आधीच्या ‘ता’वर. शब्द एकीकडे ओढतो, वृत्त दुसरीकडे. आपल्या भाषेत शब्दाचा आघात इतका पुसट की असं भांडण होतच नाही. चेकमध्ये होतं. काळ मोजणारा छंद टिकला नाही तो यामुळे, असं मला वाटतं. खुद्द कोलाऽरनेही त्याच पुस्तकातली सुनीतं आघाताच्या छंदात लिहिली, टक्-हवा चालीत.

पुढे शंभर वर्षांनी रोमान याकोब्सोन हा रशियन भाषाशास्त्रज्ञ १९२० मध्ये प्रागला आला आणि १९२३ साली त्याने रशियन पद्याशी तुलना करत चेक पद्यावर पुस्तकच लिहिलं. परक्या कानाला हा गुंता आधी ऐकू येतो, त्याचं हे आणखी एक उदाहरण.

पायरी पाचवी: उलटी चाल

हवा-टक्, हवा-टक्. हिला ‘यांब’ म्हणतात. इंग्रजी साहित्य शिकलेल्यांना ती ओळखीची, कारण इंग्रजी कवितेचा निम्मा संसार तिच्यावर चालतो. चेकमध्ये मात्र ती म्हणजे प्रवाहाविरुद्ध पोहणं. प्रत्येक शब्द टक्‌ने सुरू होणार आणि ओळ तर हवेने सुरू करायची! कसं जमवायचं?

कारेल हिनेक माऽखाने (१८१०–१८३६) ते जमवलं. ‘माऽय’ हे काव्य १८३६ च्या वसंतात त्याने पदरमोड करून छापलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात, सव्विसावा वाढदिवस दहा दिवसांवर असताना, तो गेला. हयातीत कौतुक फारसं झालं नाही. आज १ मे रोजी प्रागच्या पेत्र्शीऽन टेकडीवर त्याच्या पुतळ्याशी जोडप्यांची रीघ लागते आणि फुललेल्या झाडाखाली चुंबन घ्यायची प्रथा आहे. त्या दिवशी तिथे ही ओळ ऐकू आली नाही तरच नवल:

बिल पोझ-द्न्यीऽ वे-चेर, पृव-न्यीऽ माऽय,

उशिराची सांज होती, पहिली मे. आठ अक्षरं. ‘बिल’ (होती) हे एकाक्षरी सुटं नाणं. ते हवेत सोडलं आणि पुढचे सगळे शब्द आपोआप जागेवर बसले. पोझ (२), वे (४), पृव (६), माऽय (८). आणि लांब स्वर? ‘द्न्यीऽ’ तिसऱ्या जागी, ‘न्यीऽ’ सातव्या जागी, दोन्ही हवेत. माझं पहिल्या दिवशी काय चुकत होतं ते आता दिसलं असेल.

दुसरी युक्ती पुढच्याच ओळीत:

वे-चेर-न्यीऽ माऽय, बिल लाऽस-कि चास.

सांजवेळचा मे, प्रेमाची वेळ. इथे ओळ तीन अक्षरी शब्दाने सुरू होते. टक् ‘वे’वर, म्हणजे चुकीच्या जागी, पण मग दोन अक्षरं सोडून चौथ्या जागेवर ‘माऽय’ येतो आणि चाल रुळावर. पुढे लाऽस (६), चास (८).

एकाक्षरी शब्दाने सुरुवात, नाहीतर तीन अक्षरी. चेक यांबच्या ओळींत या दोन किल्ल्या सारख्या सापडत राहतात. ‘माऽय’च्या पहिल्या आठ ओळी मोजून पाहिल्या: चार एकाक्षरीने सुरू होतात, चार तीन अक्षरीने. दोन अक्षरी शब्दाने एकही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यारोस्लाव वृख्लित्स्कीऽ आणि त्याच्या पिढीने युरोपभरच्या कवितांची भाषांतरं करताना यांब इतका वापरला की तो घरचाच वाटू लागला. पण किल्ल्या याच.

एर्बेन आणि माऽखा, दोघांच्या संहिता प्रागच्या नगर ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. आणि चेक साहित्य संस्थेने एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या पद्याचा मोठा संगणकीय संग्रह उभा केला आहे, त्यात ओळीओळीचा छंद लावून दिलेला असतो. तो आधी उघडू नका. स्वतः पेन्सिल आपटा, मग ताडून पाहा.

जिथे हिशेब जुळत नाही

‘माऽय’ची तिसरी आणि चौथी ओळ:

हृ-द्लिच-चिन झ्वाल कु लाऽस-त्से ह्लास,
ग्दे बो-रो-वीऽ झा-वाऽ-न्येल हाऽय.

होल्याचा आवाज प्रेमाकडे बोलावत होता, जिथे पाइनचं बन दरवळत होतं. माऽय, चास, ह्लास, हाऽय: पहिलीचं यमक चौथीशी, दुसरीचं तिसरीशी.

तिसऱ्या ओळीत ‘कु लाऽसत्से’ (प्रेमाकडे). नियमाने टक् ‘कु’वर जायला हवी, म्हणजे पाचव्या जागी. छंदाला ती सहाव्या जागी हवी. कोण बरोबर? दोघंही. बोलण्याची सवय एकीकडे आणि ओळीची चाल दुसरीकडे असली की वाचणाऱ्याला निवड असते. नवख्याने छंदाच्या बाजूने जावं.

चौथी ओळ मला सगळ्यात आवडते. शब्दांच्या टक् लावा: बो (२), झा (५), हाऽय (८). हवा, टक्-हवा-हवा, टक्-हवा-हवा, टक्. ही तर तीन-तीनची चाल झाली! दोन-दोनच्या कवितेत माऽखाने अख्खी ओळ दुसऱ्या ठेक्यावर नेली. मग छंद मोडला का? जागा ४ आणि ६ वर काय आहे ते बघा. ‘वीऽ’ आणि ‘वाऽ’. दोन्ही आघाताशिवाय, आणि दोन्ही दीर्घ. टक् जिथून निघून गेली, तिथे लांब स्वर येऊन बसला आहे. ओळ वाचताना खाली तीनचा ठेका आणि वर लांबणाऱ्या स्वरांचा दोनचा ठेका, असे दोन्ही एकदम ऐकू येतात. यान मुकार्शोव्स्कीऽ या चेक साहित्यशास्त्रज्ञाने १९२८ साली या एका काव्यावर अख्खा सौंदर्यशास्त्रीय प्रबंध लिहिला, त्याचं आश्चर्य वाटायला नको.

लांबीवर तयार झालेल्या कानाला हे दोन ‘वीऽ-वाऽ’ चटकन सापडतात. चौथ्या पायरीवर ज्याला दटावून बाहेर काढलं होतं, त्याला इथे परत आत घ्या. आधी टक् पक्की, मग लांबी ऐका. क्रम उलटा केलात तर दोन्ही हातचं जाईल.

पुढच्या चार ओळी आता तुमच्या. त्यातल्या दोन इथे देतो:

ओ लाऽस-त्से शेप-ताल त्यि-खीऽ मेख,
स्वोउ लाऽस-कु स्ला-वीऽक रूऽ-झि प्येल

शांत शेवाळ प्रेमाबद्दल कुजबुजत होतं. बुलबुल आपलं प्रेम गुलाबाला गात होता. पहिलीच्या सुरुवातीला ‘ओ लाऽसत्से’, म्हणजे वरचाच तंटा. दुसरी अगदी स्वच्छ आहे, तिच्यात २, ४, ६, ८ न अडखळता आले पाहिजेत. या दोन ओळींच्या मध्ये मूळ काव्यात जी ओळ येते तिच्यात ‘ल्हाल’ (खोटं बोलला) असा शब्द आहे. तिथला ‘ल’ शब्दाच्या सुरुवातीला आहे, दोन व्यंजनांच्या मध्ये नाही, म्हणून तो ऌ होत नाही, अक्षर एकच. तो वेगळा मोजलात तर नऊ येतील.